मुरुडशेंग: गुटीच्या डब्यातली पिळाची शेंग कोणी घ्यावी, किती आणि कधी

प्रश्न एका नव्या आईचा आहे आणि त्यात तीन प्रश्न आहेत. बाळ तीन महिन्यांचं. सासूबाईंनी गावाहून बाळगुटीचा डबा पाठवला आहे, त्यात मुरुडशेंगा आहेत. बाळ संध्याकाळी पाय पोटाशी घेऊन रडतं, तर शेंग उगाळून चाटवावी का? दुसरं, तिला स्वतःला बाळंतपणाच्याही आधीपासून वरचेवर पोटात मुरडा येतो, शौचाला आव पडते. बाजारात मिळणारी मुरुडशेंगेची पूड घेतली तर चालेल का? तिसरं, मामांना मधुमेह आहे आणि कोणीतरी त्यांना याच झाडाच्या मुळाची साल उकळून प्यायला सांगितली आहे.

ताई, उत्तर आधी सांगते. बाळाला सध्या तोंडाने काहीही नको, मुरुडशेंगही नको. तुम्हाला चालेल, पण आधी मल तपासून घ्या, आणि पूड नको, सहाणेवर उगाळून घ्या. मामांना मुळाची साल अजिबात नको. आता कारणं सांगते, कारण ती कळली नाहीत तर पुढच्या वेळी दुसरं कोणीतरी दुसरंच सांगेल आणि तुम्ही पुन्हा तिथेच याल.

मी सह्याद्रीच्या पायथ्याला आयुर्वेदाची चिकित्सा करते. आमच्याकडे डोंगरउतारावर, गायरानाच्या कडेला मुरुडशेंगेची झुडपं भरपूर. कुठे तिला केवण म्हणतात. माणसाच्या उंचीचं किंवा थोडं जास्त वाढणारं झुडूप, रुंद दातेरी पानं, हात फिरवला तर खरखरीत लागणारी. पावसाळ्यात फुलं येतात. उमलतात तेव्हा विटकरी लाल, आणि जुनी होता होता निळसर करडी पडतात, म्हणून एकाच फांदीवर दोन्ही रंग दिसतात. फुलातून एक लांब दांडा बाहेर वाकलेला असतो, त्याच्या टोकाला पुंकेसर. शिंजीर मधासाठी चोच घालतो तेव्हा पराग बरोबर त्याच्या डोक्याला लागतात. हिवाळ्यात शेंगा तयार होतात. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ही एक शेंग नव्हेच, एकाच फुलापासून झालेली पाच फळं दोरी वळावी तशी एकमेकांभोवती पिळलेली असतात. पूर्ण वाळली की पीळ सुटायला लागतो आणि आतलं काळपट, कोनदार बारीक बी गळून पडतं. सालीचा वाखही चिवट. लाकडाच्या मोळ्या बांधायला आणि दावी वळायला तो आमच्याकडे पूर्वापार वापरला जातो.

शास्त्रीय नाव हेलिक्टेरस आयसोरा. लिनियसने ते 1753 मध्ये दिलं, पण त्याच्याही आधी, 17व्या शतकाच्या अखेरीस, केरळातल्या वनस्पतींवरच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथमालेत हिची नोंद झालेली होती. हिंदीत मरोडफली, संस्कृतात आवर्तनी. इंडोनेशियात ‘जामू’ या पारंपरिक काढ्यांमध्येही ही शेंग पडते. म्हणजे हे काही आपल्याच आजीचं गुपित नाही, भारतापासून आग्नेय आशियापर्यंत लोकांनी तिला पोटासाठीच निवडलं. मात्र कुडा, बेल, नागरमोथा, सुंठ यांच्याभोवती ग्रंथांतल्या योगांची, म्हणजे औषधी मिश्रणांची, जशी मोठी परंपरा आहे तशी मुरुडशेंगेभोवती नाही. हे मुळात घरातलं औषध आहे, बायकांनी वापरून वापरून टिकवलेलं. त्यामुळे तिचं खरं ज्ञान पोथीत कमी आणि वापरण्याच्या पद्धतीत जास्त आहे. माझा सगळा आग्रह या पद्धतीपाशीच आहे.

पुष्कळ लोक सांगतात की शेंग पिळलेली म्हणून पोटातल्या पिळावर तिचा उपयोग. आकारावरून औषध ठरवायची ही रीत जगात सगळीकडे होती. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून डोक्यासाठी चांगला, हा त्यातलाच विचार. सुरुवात कदाचित तशी झालीही असेल. पण नुसत्या आकारावर एखादं औषध इतक्या पिढ्या घराघरात टिकत नाही. शेंगेचा तुकडा चावून पाहा. आधी काहीच चव लागत नाही, मग हळूहळू जीभ आणि गालांची आतली बाजू आवळून येते. हा तुरटपणा टॅनिन या द्रव्याचा. आयुर्वेदाच्या भाषेत कषाय (तुरट) रस, रूक्ष (कोरडा) गुण, ग्राही (मल बांधणारं) कर्म. आतड्याच्या सुजलेल्या, स्राव सुटलेल्या आतल्या अस्तरावर टॅनिन आवळण्याचं काम करतं, पाझर कमी करतं. दुसरी गोष्ट, शेंगेच्या अर्कावर प्रयोगशाळेत, प्राण्यांच्या आतड्याच्या तुकड्यांवर काम झालेलं आहे, आणि त्यात आतड्याचं आखडणं सैल होतं असं दिसलं. म्हणजे पातळ होणं थांबवणारी आणि कळ सोडवणारी अशी दोन्ही कामं एकाच शेंगेत आहेत. हे पुरावे प्रयोगशाळेतले आहेत, रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्यांचे नव्हेत. पण घरच्या अनुभवाशी ते जुळतात, आणि शेंग कुठे चालेल व कुठे चालणार नाही हे त्यावरून नीट ठरवता येतं.

चालते ती अशा पोटात: थोडं थोडं, वारंवार, आवेसकट शौचाला होतं, आधी बेंबीखाली पीळ पडतो, होऊन गेलं की बरं वाटतं, आणि हे जुनं आहे. चालत नाही ती अशा पोटात: दोन दिवस साफ झालेलं नाही, पोट डब्ब आहे, वारा अडकून कळ येते आहे. इथे ग्राही औषध दिलं तर कळ वाढते. ‘पोटात मुरडतं’ असं दोन्ही रुग्ण म्हणतात, म्हणून मी औषधाआधी नेहमी शौचाचं विचारते. बायका सांगायला संकोचतात, पण त्या एका उत्तरावर सगळं अवलंबून असतं.

आणखी एक परिस्थिती, जिथे मुरुडशेंग लगेच द्यायची नसते. काल बाहेरचं काही खाल्लं, आज सकाळपासून दुर्गंधी, चिकट, भरपूर जुलाब सुरू. आयुर्वेदात याला आमातिसार म्हणतात आणि तिथे सुरुवातीलाच स्तंभन, म्हणजे जुलाब थांबवणं, करू नये असा स्पष्ट नियम आहे. आम, म्हणजे न पचलेलं, बाहेर पडू द्यायचं, लंघन (उपास), पेज, सुंठीचं पाणी. आम पचला की मग ग्राही औषध. आधुनिक वैद्यकातही संसर्गाचे जुलाब, विशेषतः ताप आणि रक्त असताना, आतडं बांधून ठेवणाऱ्या गोळ्यांनी रोखू नयेत असंच सांगतात. तेवढ्या वेळात महत्त्वाचं असतं ते पाणी आणि मीठ. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. लहान मुलांना याबरोबर डॉक्टर 14 दिवस झिंक देतात, ते मधेच थांबवू नका. हे सोडून नुसती मुरुडशेंग उगाळत बसलेली घरं मी पाहिली आहेत, आणि मूल सुकून दवाखान्यात आलेलं पाहिलं आहे.

आता सहाणेकडे येते. तुमच्या डब्यात काय काय असेल ते मी न पाहता सांगू शकते: हळकुंड, सुंठ, वेखंड, बाळहिरडा, बेहडा, मायफळ, जायफळ, अतिविष, काकडशिंगी, ज्येष्ठमध, नागरमोथा, सागरगोटा, मुरुडशेंग, खारीक, बदाम. घराघरात दोन-चार वस्तू इकडच्या तिकडे. या सगळ्या अख्ख्या असतात, आणि त्या अख्ख्या असण्यालाच अर्थ आहे. आजी सहाणेवर थोडं दूध किंवा पाणी घेते आणि एकेक वस्तू उगाळते, वेढे, म्हणजे सहाणेवरच्या गोल फेऱ्या, मोजून. खारीक-बदामाचे वेढे जास्त, जायफळ-अतिविषाचा एखादाच. बाळाची कालची शी कशी होती ते तिने पाहिलेलं असतं. पातळ होती तर मुरुडशेंग आणि मायफळ येतं, हिरडा बाजूला राहतो. घट्ट होती तर हिरडा येतो आणि मुरुडशेंग डब्यातच राहते. हे रोज ठरतं.

एका वेढ्यात नेमकं किती औषध उतरतं? दवाखान्यातल्या काट्यावर शेंग आधी तोलावी, चार वेढे उगाळून पुसून-वाळवून पुन्हा तोलावी, काट्याला फरक जेमतेम कळतो. उतरतं ते मिलिग्रॅममध्ये. आणि चमचाभर पूड म्हणजे एकाहून अधिक अख्ख्या शेंगांचं चूर्ण. पाकिटातली पूड आणि सहाणेवरचे वेढे यांना आपण एकच नाव देतो, पण मात्रेत त्यांची तुलनाच होत नाही. ‘आमच्या सात पिढ्यांनी घेतलं, कोणाला काही झालं नाही’ असं म्हणताना त्या सात पिढ्यांनी किती घेतलं हे कोणी सांगत नाही. त्यांनी वेढे घेतले. पूड त्यांच्यापैकी कोणीच चमच्याने घेतली नव्हती. तयार गुटीच्या पुडीचा तर आणखी एक दोष आहे. तिच्यात हिरडा आणि मुरुडशेंग एकत्रच कुटलेले असतात, रोज सारख्याच प्रमाणात पोटात जातात, मग शी पातळ असो की घट्ट. आजीचा रोजचा निर्णय त्यातून गेलेला असतो, आणि माझ्या मते गुटीतलं खरं औषध तो निर्णयच होता.

तरीही बाळाला नको का म्हणते? कारण तेव्हाच्या आणि आताच्या माहितीत फरक पडला आहे. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे आणि आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही तेच सांगतात. त्यामागचं कारण सहाण, वाटी, बोट आणि पाणी. औषध शुद्ध असलं तरी ज्या दगडावर ते उगाळलं तो काल धुवून ओलाच फळीवर ठेवलेला असतो. तीन महिन्यांच्या आतड्याला तेवढंही पुरतं. मध तर एक वर्षापर्यंत बोटभरसुद्धा नको, मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजून स्नायू लुळे पाडणारं विष तयार करतात. वेखंडात बीटा-अॅसरोन नावाचा घटक असतो, त्याच्या विषारीपणामुळे ते तान्ह्यांना मी देत नाही. परदेशात असलेल्या मराठी घरांसाठी आणखी एक सांगते. भारतातून नेलेल्या ‘घासार्ड’, ‘बालगोळी’ अशा तयार पुड्या-गोळ्या अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य यंत्रणांच्या शिसे-विषबाधेच्या यादीत आहेत. त्यांत शिसं सापडलेलं आहे. शिसं मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं आणि ते बाहेरून दिसत नाही.

तुमच्या बाळाचं रडणं, तुम्ही लिहिलंय त्यावरून, बहुतेक तान्हेपणीची नेहमीची पोटकळ आहे. ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून सुरू होते, साधारण सहाव्या आठवड्याला सगळ्यात जास्त असते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप निवते. संध्याकाळीच होते, बाळ लालबुंद होतं, पाय जवळ घेतं, आणि मधल्या वेळात हसरं-खेळतं असतं, दूध नीट ओढतं, वजन चढतं. कितीतरी घरांत मुरुडशेंग नेमकी तिसऱ्या महिन्यात सुरू होते आणि चौथ्यात कळ थांबते, मग शेंगेला श्रेय मिळतं. प्रत्येक पाजण्यानंतर खांद्यावर धरून ढेकर काढा, रडायला लागण्याआधीच पाजा, पोटावर कोमट तेलाचा हात घड्याळाच्या दिशेने फिरवा, पाय सायकल चालवल्यासारखे हलवा. सासूबाईंना काही करायचंच असेल तर बेंबीच्या भोवती, बेंबीत नाही, पातळ हिंगाचं कोमट पाणी लावू द्या. कातडी लाल झाली तर धुवून टाका. यापलीकडे रडणाऱ्या बाळाला रोज संध्याकाळी धरायला दुसरं माणूस मिळणं, हीसुद्धा मोठी मदत आहे, ती मागून घ्या.

पण पुढची लक्षणं दिसली तर मालीशही नको आणि उद्यावरही ढकलू नका, त्याच क्षणी दवाखाना: हिरवी उलटी, रक्तमिश्रित लालसर जेलीसारखी शी, पोट टणक फुगलेलं, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, दूध ओढणं बंद, किंवा लाटा-लाटांनी येणारं जिवाच्या आकांताचं रडणं आणि मधे बाळ पांढरं पडून निपचित होणं. आतड्यात आतडं शिरतं तेव्हा असं होतं. ते बाळ सहा-आठ महिन्यांचं असलं तरी घरात सगळे ‘मुरडा आलाय’ असंच म्हणतात. त्यात तासांचा हिशेब असतो.

सहा महिन्यांनंतर, वरचं अन्न सुरू झाल्यावर, मूल मोठं होत असताना एखाद्या वेळी आव पडून पोट दुखलं, डॉक्टरांनी पाहिलं, काळजीचं काही नाही म्हणाले, तर मुरुडशेंगेचे दोन वेढे उकळून गार केलेल्या पाण्यात, दिवसातून एकदा, दोन दिवस. याला माझी हरकत नसते. रोजची गुटी मी त्या वयातही सांगत नाही. निरोगी बाळाला रोज औषध कशाला?

आता तुमच्याबद्दल. बाळंतपणाच्या आधीपासून मुरडा आणि आव म्हणजे तीन-चार शक्यता समोर येतात. जियार्डिया किंवा अमीबा यांसारखा सूक्ष्म परजीवी आतड्यात ठाण मांडून असेल. दूध पचत नसेल. आतडं नुसतं हळवं असेल, चिंता, जागरण, अवेळी खाणं यांनी चाळवणारं, ज्याला आम्ही ग्रहणी या आयुर्वेदातल्या आतड्याच्या विकाराच्या अंगाने पाहतो आणि डॉक्टर आयबीएस म्हणतात. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडूनही शौचाला वारंवार जावं लागतं. मुरुडशेंग फक्त हळव्या आतड्याच्या प्रकारात खरं काम करते. जियार्डियात ती चार दिवस आराम देईल आणि किडा तिथेच राहील, टॅनिन त्याला मारत नाही. म्हणून आधी मल तपासणी, एकदा नाही, वेगवेगळ्या दिवशी दोन-तीन नमुने, कारण हे परजीवी रोज पडत नाहीत. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. शौचात रक्त, रात्री झोपेतून उठवणारी घाई, वजन उतरणं, ताप यांपैकी काही असेल तर पोटविकारतज्ज्ञांकडे जा, माझ्याकडे नंतर या.

तपासण्या ठीक आल्या तर असं करा. काष्ठौषधीच्या दुकानातून शेंगा अख्ख्या घ्या. करड्या-तपकिरी, पीळ घट्ट, भोक न पडलेल्या, कुबट वास नसलेल्या. पीळ सुटून बी गळालेल्या शेंगा जुन्या किंवा फार पक्व झालेल्या असतात, त्या सोडून द्या. शेंगेवर बारीक लव असते आणि ती घशाला टोचते, म्हणून गरम पाण्यात ब्रशने घासून धुवा आणि कडक उन्हात खडखडीत वाळवा. सहाण उकळत्या पाण्याने धुवा. शेंग देठाकडून धरायची आणि टोकाकडून, थोडी तिरपी ठेवून, पिळाच्याच दिशेने गोल फिरवायची. उलट फिरवली की पेड सुटतात आणि लेपात तुसं उतरतात. हळकुंडासारखी ती गुळगुळीत उगाळली जात नाही, हाताला अडखळते, ते स्वाभाविक आहे. फिकट तपकिरी लेप येतो. मलमलीच्या फडक्यातून गाळून घ्या. मोठ्या माणसाला शेंगेचे आठ-दहा वेढे, सुंठीचे चार, पाऊण वाटी ताज्या गोड ताकात, चिमूटभर भाजलेलं जिरं, दुपारच्या जेवणानंतर. तीन दिवस. फरक पडला तर थांबा, न पडला तरी थांबा. तीन दिवसांत जिथे काही कळत नाही तिथे तीन आठवडे घेऊनही कळणार नाही, तिथे निदान चुकलेलं असतं.

दूध पाजत असताना मी पूड देत नाही. बाळ अंगावरून सुटलं की पूडही घेता येईल. 1 ते 2 ग्रॅम, दिवसातून दोनदा, ताकातून, पाच दिवसांपलीकडे नाही. घरी पूड करायची तर शेंगा आधी तव्यावर मंद आचेवर कोरड्या भाजा, म्हणजे पेड ठिसूळ होतात, मग कुटून वस्त्रगाळ करा. वस्त्रगाळ नसेल तर ती घेऊच नका, त्या तुसांनी आतड्याला आणखी टोचणी लागते. गरोदरपणात कोणत्याही रूपात नको.

एक फार कामाची गोष्ट, जी बाळंतिणीला कोणीच सांगत नाही: टॅनिन लोहाला धरून ठेवतं. तुमच्या लोहाच्या गोळ्या चालू असणार. मुरुडशेंग आणि ती गोळी यांच्यात किमान दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी वाया. चहाचंही तेच. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊन ‘हिमोग्लोबिन चढतच नाही’ म्हणणाऱ्या बाया माझ्याकडे नेहमी येतात.

या शेंगेचे इतर उपयोगही तुमच्या कानावर येतील. कान वाहत असेल तर शेंग एरंडेलात घालून ते तेल कानात सोडायची जुनी पद्धत आहे. करू नका. वाहत्या कानात बहुधा पडद्याला भोक असतं, आणि तेल सरळ आत जातं. गुरांना हगवण लागली की पाल्याचा किंवा शेंगांचा काढा पाजतात, तो पशुवैद्य येईपर्यंत ठीक आहे. साप-विंचवावर मुळी उगाळून लावतात आणि पाजतात. यावर मला फार कळकळीने सांगायचं आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या विषावर फक्त प्रतिसर्पविष चालतं. ते सरकारी रुग्णालयांत मिळतं, आणि मुळी शोधायला गेलेला अर्धा तास कोणी परत देत नाही. दंशाचा अवयव हलवू नका, दोरीने आवळून बांधू नका, आणि गाडी काढा.

राहिले मामा. मुळाची साल साखर उतरवते ही गोष्ट हवेतली नाही, मुळाच्या आणि सालीच्या अर्कांनी प्राण्यांमधली रक्तशर्करा कमी झाल्याचे प्रयोग आहेत. म्हणूनच भीती जास्त. मामा आधीच गोळ्या घेत असतील, त्यावर हा काढा गेला तर साखर किती उतरेल याचा अंदाज कोणालाच नाही. वय झालेल्या माणसाला पहाटे घाम सुटून, भान हरपून पडायला तेवढं पुरतं. आणि उतरली नाही, तर काढ्याच्या भरवशावर गोळ्या बंद करून ते सहा महिने घालवतील आणि तोवर डोळे, मूत्रपिंड, पावलं यांचं नुकसान झालेलं असेल. दुसरं कारण याहून मोठं. या झाडाच्या मुळांतून कुकरबिटासिन गटातली द्रव्यं वेगळी केली गेली आहेत. कडू निघालेल्या दुधीचा रस पिऊन रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली, ती याच गटातल्या द्रव्यांनी. शेंगेचा शेकडो वर्षांचा घरगुती वापर म्हणजे मुळाच्या सुरक्षिततेचा दाखला नव्हे. झाड एक असलं तरी शेंग आणि मूळ ही दोन वेगळी औषधं आहेत, आणि वेढ्याने मोजायची सवय फक्त शेंगेला आहे. मूळ मुठीने उकळतात.

यात झाडाचाही प्रश्न आहे. शेंगा काढल्या तर झुडपाला काही होत नाही. फांद्या तोडल्या, वणवा गेला, तरी ते बुडातून पुन्हा फुटतं. मूळ खणलं की संपलं. आमच्याकडचे कातकरी आणि ठाकर हिवाळ्यात शेंगा गोळा करून व्यापाऱ्याला देतात, हाताला चार पैसे मिळतात आणि पुढच्या वर्षी झाड तिथेच असतं. साखरेच्या औषधासाठी मुळाची मागणी वाढली तर ते राहणार नाही.

सासूबाईंना डबा परत पाठवू नका. त्यांना सांगा की गुटी सहा महिन्यांनंतर पाहू, आणि तोवर कोणत्या वस्तूचे किती वेढे, कोणत्या शीला काय, हे त्यांच्याकडून वहीत लिहून घ्या. डबा कोरडा ठेवा, पावसाळ्यात मुरुडशेंगेच्या पेडांत बुरशी धरते, तेव्हा पुढच्या हिवाळ्यात शेंगा नव्या आणा. मामा मधुमेहाच्या डॉक्टरांकडे जातील तेव्हा गोळ्यांच्या पाकिटांबरोबर ती सालही पिशवीत घालून न्यायला सांगा. काढा घेतला असेल तर किती दिवस, सकाळी की रात्री, आणि त्या दिवसांत कधी घाम सुटला किंवा हातपाय थरथरले का, हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. साल बंद करताना गोळ्यांची मात्रा त्यांनी मनाने बदलायची नाही, आधी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजून घ्यायची.